पक्षाघातानंतर चार महिन्यांनी मधुमेह निघाला. तो आधीपासूनच असेल का?

कुर्लेवासी

नमस्कार. आईच्या आजारपणाविषयीचा एक प्रश्न गेले पंधरा दिवस डोक्यातून जात नाही. ओपीडीच्या रांगेत इतके सविस्तर विचारायला वेळ मिळत नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

आई ६२ वर्षांची आहे आणि आम्ही कुर्ला पूर्वेला नेहरूनगरमध्ये राहतो. तिला आठ वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे व त्याची गोळी ती न चुकता घेते. मधुमेह असल्याचे मात्र आजवर कोणीही सांगितले नव्हते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पाणी भरताना तिच्या डाव्या हातातून कळशी निसटली, तोंड उजवीकडे ओढले गेले आणि बोलणे जड झाले. तासाभरात आम्ही तिला रुग्णालयात पोहोचवले. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन वेळेत देता आले. पुढे एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागातील, खोलवरची एक बारीक रक्तवाहिनी बंद झाल्याचे दिसले.

पहिल्या दिवशी अपघात विभागात बोट टोचून पाहिलेली साखर २१४ होती. मी विचारले तेव्हा निवासी डॉक्टर म्हणाले, "ही ताणाची साखर आहे, मेंदूला इजा झाली की वाढते, आपोआप उतरेल." ती उतरलीही. केसपेपरवर पुढचे आकडे १६८, १५२ आणि १४१ असे आहेत आणि पाचव्या दिवशी उपाशीपोटी ११९ आहे. नवव्या दिवशी मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर "मधुमेह: नाही" असे लिहिलेले आहे.

घरी आल्यावर तिला ताकद यावी म्हणून आम्ही सर्वांनी जे सुचेल ते दिले: गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व, रोज एक शहाळे, केळ्याचे शिकरण, चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटे. ऑगस्टपासून ती रात्री तीन-चार वेळा लघवीला उठू लागली, ते आम्ही वयावर ढकलले. सप्टेंबरच्या अखेरीस डाव्या टाचेला फोड आला. चालताना पाऊल फरफटू नये म्हणून जे स्प्लिंट बांधतात, ते तेथे घासत होते. तीन आठवडे उलटले तरी जखम भरेना, तेव्हा आमच्या वस्तीतील डॉक्टरांनी बोट टोचले आणि साखर २६१ निघाली. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उपाशीपोटी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २५६ आणि एचबीएवनसी ८.१ आले. आता मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू झाली आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा मधुमेह आधीपासूनच होता, की पक्षाघातामुळे झाला? जूनमध्येच तो कळला असता तर आईचा डावा हात आज अधिक चालला असता का? आणि मी ३७ वर्षांचा व बहीण ३४ वर्षांची, आम्ही दोघांनी आतापासून काय करावे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कटू असले तरी कृपया सौम्य करून सांगू नये.

निवृत्त फिजिशियन, परळ

आपण आकडे क्रमाने लिहिलेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. मी आपल्या आईंना तपासलेले नाही, तेव्हा औषधांचा निर्णय त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांचाच राहील, हे धरून पुढचे वाचावे.

"ताणाची साखर" हा शब्द खोटा नाही. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मोठा जंतुसंसर्ग झाला की शरीरात कॉर्टिसॉल व ॲड्रेनलिन ही संप्रेरके उसळतात, यकृत रक्तात साखर सोडू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव काही काळ कमी पडतो. ज्यांना मधुमेह कधीच नव्हता आणि पुढेही होत नाही, अशा रुग्णांतही पहिल्या दोन-तीन दिवसांत साखर चढलेली मी अनेकदा पाहिली आहे. अडचण अशी आहे की ज्याला पाच वर्षांपासून मधुमेह आहे पण माहीत नाही, त्याचीही साखर त्या दिवशी २१४ च दिसते. बोट टोचून मिळालेला एक आकडा या दोघांना वेगळे करू शकत नाही. म्हणून "ताणामुळे वाढली" हे वाक्य तपासाचा शेवट म्हणून उच्चारले जाते तेव्हा मला अस्वस्थ वाटते, कारण खरा तपास तेथून सुरू व्हायला हवा.

या दोघांना वेगळे करणारी तपासणी साधी आहे आणि तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्यामुळे, किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे यावरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हेच एचबीएवनसी. काल आलेल्या पक्षाघाताने तो आकडा आज बदलत नाही. दाखल होण्याच्या दिवशी तो ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह रुग्णाबरोबरच रुग्णालयात आला आहे, असे समजायचे. ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था होय, आणि त्याहून कमी असेल तरच ताणाचे निदान पटण्याजोगे ठरते. अमेरिकेच्या हृदय व पक्षाघात संघटनांनी २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत पक्षाघात झालेल्या प्रत्येक रुग्णाची मधुमेहासाठी तपासणी करावी असे सुचवले होते. त्या सूचना विशेष खर्चिकही नव्हत्या.

आता तो ११९ चा आकडा. तो उतरला म्हणून सर्वांना हायसे वाटले, परंतु उपाशीपोटी १०० ते १२५ यांना सामान्य म्हणत नाहीत. शिवाय पाचव्या दिवशी रुग्ण पुरेसे जेवत नसतो, अनेकदा नाकातील नळीतून थोडेथोडे घेत असतो, सलाईनही चालू असते, त्यामुळे तो आकडा घरच्या जेवणावरचा नसतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट वारंवार दिसते: उपाशीपोटीची साखर सीमेच्या आत असते आणि जेवणानंतरची मात्र बरीच वर जाते. केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबले तर अशी माणसे हातून सुटतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रियातील एका अभ्यासात पक्षाघाताच्या २३८ रुग्णांकडे नीट लक्ष दिले गेले. सुमारे २० टक्क्यांना मधुमेह असल्याचे आधीच ठाऊक होते, आणि ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत आणखी सुमारे १६ टक्क्यांना तो नव्याने सापडला. याखेरीज सुमारे २३ टक्क्यांची साखर पचवण्याची क्षमता बिघडलेली निघाली. म्हणजे माहीत असलेल्या रुग्णांच्या जवळपास तोडीस तोड माहीत नसलेले होते.

आपला पहिला प्रश्न. ऑक्टोबरमधील ८.१ हा आकडा पक्षाघातानंतरच्या महिन्यांविषयी बोलतो, जूनच्या आधीविषयी नाही, त्यामुळे केवळ त्याच्या आधारे "आधीपासून होता" असे सिद्ध होत नाही. तरीही माझे मत विचाराल तर तो आधीपासून असण्याचीच शक्यता अधिक आहे, आणि ते पडताळण्याचे मार्ग आपल्या हाती आहेत. आईंच्या डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून तपासून घ्यावा. मधुमेहाचे पडद्यावरील बदल सहसा काही वर्षांत होतात, चार महिन्यांत नव्हे. लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिनही पाहावे, मात्र रक्तदाबानेही ते वाढते हे ध्यानात ठेवून. पायांच्या संवेदनेची तपासणी दोन्ही पायांची करावी, कारण डावा पाय पक्षाघातानेही बधिर असू शकतो, परंतु उजवे पाऊलसुद्धा बधिर निघाले तर त्याचा दोष मेंदूला देता येणार नाही. आणि सर्वांत सोपे म्हणजे जुने कागद धुंडाळावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, दात काढणे, विम्याची तपासणी, गणेशोत्सव मंडळाचे आरोग्य शिबिर, यांपैकी कोठे तरी कधी तरी साखर तपासलेली असतेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सौम्य न करता देतो, आणि ते आपल्याला वाटते त्याहून कमी कटू आहे. पहिल्या दिवसांत इन्सुलिन देऊन साखर काटेकोर खाली आणली असती तर हात वाचला असता, असे पुरावा सांगत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील शाइन या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत १,१५१ रुग्णांपैकी निम्म्यांची साखर इन्सुलिनच्या सततच्या धारेने ८० ते १३० या पट्ट्यात ठेवली होती व उरलेल्यांची १८० च्या खाली. ९० दिवसांनी दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही, उलट कडक नियंत्रणाच्या गटात साखर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंग घडले. त्यामुळे वॉर्डातील त्या नऊ दिवसांबद्दल स्वतःला किंवा कोणाला दोष देऊ नये. गमावले ते त्यानंतरचे चार महिने. त्या काळात आहार योग्य ठेवता आला असता, औषध सुरू झाले असते आणि टाचेची जखम कदाचित इतकी रेंगाळली नसती. त्याच्याही मागे गेलो तर, आठ वर्षे रक्तदाबाची गोळी लिहून देताना दरवर्षी साखरही पाहिली गेली असती तर पक्षाघातच टळला असता का, हा प्रश्न उरतो. मधुमेहामुळे रक्तवाहिनी बंद पडून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका दुपटीहून थोडा अधिक होतो. रक्तदाब आणि साखर दोन्ही मिळून मेंदूतील खोलवरच्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड व अरुंद करत जातात, आणि आपल्या आईंची नेमकी तशीच वाहिनी बंद झाली आहे. मात्र एका व्यक्तीच्या बाबतीत "याच कारणाने झाले" असे बोट ठेवून सांगणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

सध्या सर्वांत तातडीची गोष्ट ती टाच आहे. स्प्लिंट दुरुस्त होईपर्यंत ते घालू नये आणि जखम याच आठवड्यात सर्जनला दाखवावी. मेटफॉर्मिन चालू ठेवण्यापूर्वी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम सांगणारी तपासणी, पाहिले आहे का, हे विचारावे. साखर खूप खाली नेण्याची घाई करू नये. बहुतेकांसाठी एचबीएवनसी ७ च्या आसपास पुरते. पक्षाघाताच्या रुग्णाला साखर कमी झाल्याची घबराट वा घाम नीट सांगता येत नाही, आणि साखर फार उतरली की बोलणे अडखळते, एक बाजू लुळी पडते, म्हणजे हुबेहूब दुसऱ्या झटक्यासारखे चित्र उभे राहते. म्हणून ग्लुकोमीटर घरात असावा. तसे काही झाले तर अर्ध्या मिनिटात साखर पाहावी, पण त्या कारणाने रुग्णालयात निघायला उशीर करू नये.

कुर्लेवासी

डॉक्टरसाहेब, आपण एवढा वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. टाच उद्याच दाखवतो. एक उपप्रश्न आहे. आमचे एक नातेवाईक सांगतात की कोलेस्टेरॉलच्या गोळीने साखर वाढते, म्हणून ॲटोर्वास्टॅटिन बंद करावी. आईला ती जूनपासूनच सुरू झाली आहे आणि साखरही त्यानंतरच सापडली, त्यामुळे आई आता ती गोळी घ्यायला तयार नाही.

निवृत्त फिजिशियन, परळ

गोळी बंद करू नये. नातेवाईकांचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही, पण प्रमाण सुटलेले आहे. २०१० साली अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यानुसार २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिनच्या गटातील गोळी, घेतल्यावर मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो, आणि तोही बहुधा आधीच सीमेवर असलेला. चार महिन्यांत सामान्य साखर ८.१ वर नेण्याची ताकद त्या गोळीत नाही. ज्यांना एकदा पक्षाघात झाला आहे त्यांना दुसरा टाळण्यासाठी जी मोजकी औषधे खरोखर उपयोगी पडतात, त्यांत रक्त पातळ ठेवणारी गोळी, रक्तदाबाची गोळी आणि हीच गोळी येते. मधुमेह निघाल्यामुळे तिची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही. आईंना हे त्यांच्या शब्दांत, शांतपणे समजावून सांगावे.

भांडुपची लेक

दादा, तुमचे वाचताना मला आमचे मागचे वर्ष आठवले. आमच्या बाबांना पक्षाघात झाल्यावर सुदैवाने वॉर्डातच एचबीएवनसी केले गेले आणि ते ६.७ आले. डिस्चार्ज कार्डावर "नव्याने आढळलेला मधुमेह" असे लिहून गोळ्याही सुरू झाल्या. परंतु बाबांचे हिमोग्लोबिन त्या वेळी ८.२ होते, कारण मूळव्याधीतून त्यांचे रक्त अनेक महिने जात होते आणि ते त्यांनी संकोचाने कोणाला सांगितले नव्हते. दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले की लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी जास्त दिवस रक्तात फिरत राहतात, त्यांना साखर चिकटायला अधिक अवधी मिळतो आणि एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरून आल्यावर तोच आकडा ६.१ झाला. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासली, ती १७२ आली, म्हणजे १४० ते १९९ च्या मधल्या पट्ट्यात. बाबांना मधुमेह नव्हता, पण ते त्याच्या उंबरठ्यावर होते. उलट ज्यांना नुकतेच रक्त चढवले आहे किंवा ज्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांचे एचबीएवनसी फसवे कमी येते. थॅलेसेमियाच्या वाहकांतही हा आकडा जपूनच वाचावा लागतो. म्हणून माझी एवढीच विनंती आहे की त्या आकड्याशेजारी हिमोग्लोबिनचा आकडाही नेहमी पाहावा. तुमच्या आईचे आकडे तीनही तपासण्यांत वर आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत शंका राहत नाही. पण हे वाचणाऱ्या इतर कोणाला उपयोग होईल.

जेवणाविषयी थोडे लिहिते, कारण डॉक्टर "गोड बंद" एवढेच सांगतात आणि घरातल्या बाईला रोज ताटात काय वाढायचे ते ठरवावे लागते. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होतो म्हणून आपण सगळे पातळ, मऊ आणि गोड देत जातो: पेज, खीर, साबुदाण्याची लापशी, फळांचा रस. हे सगळे भरभर साखर वाढवणारे आहे. आम्ही आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने हळूहळू बदल केला. मऊ शिजवलेले मुगाचे वरण घट्ट ठेवले, दही, उकडलेले अंडे कुस्करून, काटे नीट काढलेला उकडलेला मासा, भाज्या शिजवून ठेचून दिल्या आणि नाचणीचे सत्त्व ताकातले, मीठ घालून देऊ लागलो. बाबा सोमवार व संकष्टी धरत असत. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस खाऊन संध्याकाळी त्यांची साखर सर्वांत जास्त दिसे. त्यांना उपास सोडायला सांगणे मला जमले नाही, म्हणून मी वरईचा भात थोडाच आणि बरोबर दाण्याची आमटी व काकडीची कोशिंबीर असे ताट केले. आकडा पूर्ण खाली आला नाही, पण बराच उतरला, आणि बाबांना आपला नेम मोडल्यासारखेही वाटले नाही.

आणि आईचे पाऊल रोज रात्री दिव्याखाली, बोटांच्या बेचक्यांसकट, तुम्ही स्वतः पाहा. बधिर पायाला दुखत नाही, त्यामुळे "दुखतंय का?" हे विचारून काही कळत नाही.

रक्तनमुने घेणारा, दादर

मी बावीस वर्षे लॅबमध्ये आणि आता घरोघरी जाऊन नमुने घेण्याचे काम करतो. वरील चर्चेत जे आले नाही, तेवढेच लिहितो.

साखरेच्या तपासणीत चूक बहुधा यंत्रात होत नाही, ती वाटेत होते. रक्त नळीत काढल्यावरही त्यातील पेशी साखर खातच राहतात, आणि साध्या नळीत ठेवले तर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड असलेली नळी वापरतात. सकाळी सात वाजता घरून घेतलेला नमुना साध्या नळीत घालून, चार घरे फिरून दहा वाजता लॅबमध्ये पोहोचला तर उपाशीपोटी १३० असलेली साखर सीमेच्या आत दिसू शकते आणि रुग्ण निर्धास्त होतो. नमुना घेणाऱ्याला नळीविषयी विचारण्यात संकोच करू नये. एचबीएवनसीसाठी जांभळ्या झाकणाची नळी असते आणि तिला असा घाईचा प्रश्न नाही, हा त्या तपासणीचा एक फायदाच आहे.

ग्लुकोमीटरचा आकडा रोजच्या देखरेखीसाठी ठीक आहे, निदानासाठी नव्हे. बोटाला केळ्याचा किंवा साखरेचा चिकटपणा असला तरी आकडा चढतो. रुग्णाला भरवल्यानंतर हात न धुता टोचल्यामुळे "तीनशे आली" म्हणून घाबरलेले फोन मला आलेले आहेत.

जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायची असते. अनेक जण जेवण संपल्यापासून दोन तास धरतात, आणि हळूहळू भरवाव्या लागणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत त्यात पाऊण तासाचाही फरक पडतो. तसेच तपासणीच्या दिवशी "साखर येऊ नये" म्हणून रुग्णाला नुसती पोळी-भाजी देऊ नये, रोजचे जे असेल तेच द्यावे.

निवृत्त फिजिशियन, परळ

भांडुपच्या ताईंनी आणि दादरच्या गृहस्थांनी जे लिहिले आहे ते अगदी अचूक आहे, आणि रक्तक्षयाचा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता.

तिसरा प्रश्न राहून गेला होता. आपण दोघे तिशी ओलांडलेले आहात आणि आता आईंना मधुमेह आहे, तेव्हा लक्षणांची वाट पाहू नये. देशाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांपासून पुढे रक्तदाब व साखर तपासण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जाण्याची गरज नाही, जवळच्या महापालिका दवाखान्यात विचारावे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक गुणांकन तयार केले, ज्यात वय, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी पाहतात. १०० पैकी ६० किंवा अधिक गुण आले तर धोका जास्त समजतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की आपल्या लोकांत तो धोक्याचा धरतात, वजन काट्यावर ठीक दिसत असले तरीही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या आधीच्या अवस्थेत आहेत. आईंच्या भावंडांनाही हा निरोप द्यावा.

कुर्लेवासी

दोन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे, कारण येथे ज्यांनी वेळ दिला त्यांना पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

टाचेची जखम सर्जनने स्वच्छ केली, हाडापर्यंत गेलेली नाही. स्प्लिंट नव्याने मापाचे करून आतून मऊ अस्तर लावून घेतले आहे. हिमोग्लोबिन १२.४ आहे आणि क्रिएटिनिन ०.९. डोळ्यांच्या डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे बदल दिसले. दृष्टीला आज धोका नाही, पण दरवर्षी तपासणी करायची आहे. पायांच्या तपासणीत उजव्या पावलाची बोटेही बधिर निघाली. आई म्हणाली, "ते तर कधीपासून आहे, मला वाटलं चपलेमुळे असेल."

जुने कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. तीन वर्षांपूर्वी आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीचा कागद मिळाला. उपाशीपोटी साखर १२४. शेजारी छापील सामान्य मर्यादा आहे आणि आकडा ठळक अक्षरांत आहे. शस्त्रक्रिया नीट झाली, दुसऱ्या दिवशी आईला भिंतीवरचे कॅलेंडर स्पष्ट दिसले, त्या आनंदात आम्ही ती फाईल बांधून ठेवली. तो कागद मी स्वतः लॅबमधून आणला होता.

माझी एचबीएवनसी ५.९ आली आहे, बहिणीची ५.४. चिंचपोकळीच्या मावशीची, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीची, ७.२ आली आणि तिला कसलाही त्रास नव्हता. तिचा रक्तदाब व डोळे तपासून घेण्यासाठी येत्या शनिवारी मी तिला घेऊन जाणार आहे.

काल आईच्या ओपीडीची तारीख होती. डॉक्टरांना मी सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून दाखवले आणि विनंती केली की जुन्या कार्डावरची "मधुमेह: नाही" ही ओळ तशीच राहिली तर पुढच्या वेळी अपघात विभागात तीच वाचली जाईल. त्यांनी ती खोडून शेजारी "आहे" असे लिहिले, खाली तारीख घातली आणि सही केली. आता त्या कार्डाच्या तीन प्रती काढल्या आहेत. एक आईच्या पर्समध्ये आहे, एक बहिणीकडे, आणि एक दाराजवळ, ग्लुकोमीटरच्या डब्यात.